महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : ॲमस्टरडॅमच्या धर्मपरिषदेत निबंध वाचला, परत येऊन परळच्या वस्तीत घर केलं

सप्टेंबर १९०३. हॉलंडमधलं ॲमस्टरडॅम शहर. युरोप-अमेरिकेतले धर्माचे अभ्यासक, प्राध्यापक आणि धर्मोपदेशक तिथे जमले होते. उदार धर्म मानणाऱ्यांची ती आंतरराष्ट्रीय परिषद होती. या मोठमोठ्या पंडितांसमोर हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला तो एका तीस वर्षांच्या मराठी तरुणाने. जमखंडीच्या वारकरी घरात वाढलेल्या या तरुणाचं नाव विठ्ठल रामजी शिंदे.

महर्षी शिंदे म्हटलं की अस्पृश्यता निवारणाचं काम आठवतं. ते बरोबरच आहे. पण त्या कामाची एक वाट या धर्मपरिषदेतून जाते, हे फारसं सांगितलं जात नाही. धर्माचा एवढा अभ्यास केलेला माणूस मठ काढून बसला नाही, गादीवर बसला नाही. तो थेट गिरणगावातल्या महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढायला गेला. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात जमखंडीपासून करावी लागते.

वारकऱ्याच्या घरातला विठ्ठल

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी इथे झाला. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं, आज ते गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. वडील रामजीबाबा, आई यमुनाबाई. घर मराठा, पण वारकरी वळणाचं. पंढरीची वारी, भजन आणि दारात आलेल्याला जात न विचारता आसरा, असं घरातलं वातावरण. पुढे गरिबी आली, ओढाताण झाली, तरी हे वळण सुटलं नाही.

त्या काळच्या रीतीप्रमाणे विठ्ठलचं लग्न अगदी लहानपणी झालं. बहीण जनाक्का हिच्या वाट्याला सासरचा जाच आला. भावाने तिला माहेरी आणलं आणि शिकवायचं ठरवलं. बाईच्या जातीला शिकवून काय करायचं, असं म्हणणारा तो जमाना. हीच जनाक्का पुढे भावाच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

१८९१ मध्ये विठ्ठल मॅट्रिक झाले. पुढे शिकायला घरात पैसा नव्हता. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची मदत झाली आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचा रस्ता खुला झाला. नंतर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनीही हात दिला. १८९८ मध्ये ते बी.ए. झाले.

वकिली सोडली

एका गरीब मराठा घरातला पोरगा बी.ए. झाला म्हणजे त्या काळी मोठीच गोष्ट. एल्‌एल.बी. करायची, वकिली नाहीतर मोठी सरकारी नोकरी धरायची आणि घर वर काढायचं, हीच सगळ्यांची अपेक्षा. शिंद्यांनी कायद्याचा अभ्यास सुरूही केला होता. पण मन दुसरीकडे ओढ घेत होतं.

त्याच सुमारास ते प्रार्थना समाजात दाखल झाले. प्रार्थना समाज म्हणजे काय, तर १८६७ मध्ये मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेली मंडळी. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तिला वजन आणलं. देव एकच, त्याला मूर्ती नको, भट नको, जातीचा उंच-नीचपणा नको, असं हे मत. उपासनेत तुकोबांचे अभंग म्हटले जायचे. वारकऱ्याच्या घरातल्या मुलाला ते परकं वाटलं नाही. बंगालमध्ये राजा राममोहन रॉय यांनी १८२८ मध्ये सुरू केलेल्या ब्राह्मो समाजाचं ते महाराष्ट्रातलं भावंडच म्हणायचं.

इंग्लंडमध्ये ख्रिस्ती लोकांचा युनिटेरियन नावाचा एक पंथ आहे. देव एकच आहे, येशू हा थोर शिकवण देणारा माणूस होता, असं मानणारी ही माणसं. त्यामुळे बाकीच्या चर्चवाल्यांचा त्यांच्यावर राग. या लोकांचं आणि ब्राह्मो समाजाचं जुळायचं. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करायला ते हिंदी तरुणांना शिष्यवृत्ती देत. अट अशी, की परत गेल्यावर धर्माचं काम करायचं. शिंद्यांनी ही शिष्यवृत्ती मिळवली. प्रवासाच्या खर्चाला पुन्हा सयाजीराव महाराज धावून आले. सप्टेंबर १९०१ मध्ये त्यांनी मुंबईहून बोट धरली. पत्नी रुक्मिणीबाई आणि घरची माणसं मागे राहिली.

ऑक्सफर्डची दोन वर्षं

मँचेस्टर कॉलेजची गंमत अशी, की शिकणाऱ्याने किंवा शिकवणाऱ्याने अमुकच पंथ मानला पाहिजे अशी सक्ती तिथे नव्हती. शिंदे तिथे ब्राह्मो म्हणून गेले आणि ब्राह्मो म्हणूनच परत आले. ख्रिस्ती कॉलेजात शिकून ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि कुणी त्यांना तसं व्हायला सांगितलंही नाही.

तिथे जोसेफ एस्टलिन कार्पेंटर नावाचे मोठे विद्वान शिकवत होते. बौद्ध धर्माच्या पाली ग्रंथांवर त्यांचा अधिकार. हिंदुस्थानातल्या माणसाने बुद्धाची पाली भाषा शिकायला ऑक्सफर्डला जावं लागलं, हीही एक काळाची तऱ्हाच. एका धर्माची दुसऱ्याशी तुलना करून अभ्यास कसा करायचा, हे शिंदे तिथे शिकले. आपला धर्म खरा आणि दुसऱ्याचा खोटा असं न म्हणता, प्रत्येक धर्म कुठून आला, कसा वाढला आणि माणसाला त्याने काय दिलं हे तपासायचं, अशी ती पद्धत.

पुस्तकांबरोबर त्यांनी डोळेही उघडे ठेवले. तिथल्या गरीब वस्त्या पाहिल्या. त्या वस्त्यांत उदार पंथाची माणसं काय काम करतात तेही पाहिलं. मुंबईच्या सुबोध पत्रिकेला ते तिथून पत्रं लिहून पाठवत.

ती परिषद नेमकी कशाची होती?

१८९३ ची शिकागोची सर्वधर्म परिषद स्वामी विवेकानंदांमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. मुंबई प्रार्थना समाजाचे बळवंत भाऊ नगरकर हेही त्या परिषदेला होते, हे मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. त्यानंतर काही वर्षांनी, १९०० मध्ये, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात उदार धर्म मानणाऱ्यांनी स्वतःची एक आंतरराष्ट्रीय मंडळी उभी केली. पहिली परिषद १९०१ मध्ये लंडनला झाली आणि दुसरी १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला.

या परिषदेपुढचे प्रश्न साधे वाटतात, पण आजही सुटलेले नाहीत. धर्म आणि स्वतंत्र विचार एकत्र नांदू शकतात का? विज्ञानाने एखादी जुनी समजूत खोटी ठरवली तर श्रद्धा मोडते की आणखी स्वच्छ होते? वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकमेकांना आपल्यात ओढण्याचा प्रयत्न न करता बरोबरीने बसू शकतात का? सोपं करून सांगायचं तर, उदार धर्म म्हणजे पोथीपेक्षा विवेकाला मान देणारा, आणि दुसऱ्याच्या देवालाही आपल्याच ओसरीवर जागा देणारा धर्म.

शिंदे हिंदुस्थानातल्या ब्राह्मो समाजाच्या वतीने तिथे गेले. या देशातल्या उदार धर्माबद्दल बोलायचं म्हणजे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. उपनिषदं, बुद्ध, कबीर, नानक, तुकाराम आणि मग राममोहन रॉय, अशी इथली लांब परंपरा. उदारपणा आपल्याला साहेबाकडून उसना घ्यावा लागला नाही. या परिषदेतले निबंध पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने छापलेही गेले.

पण याच परंपरेच्या देशात गावाच्या वेशीबाहेर माणसांची एक वेगळी वस्ती होती. तिला विहिरीवर पाणी नव्हतं, देवळात पाय ठेवायची सोय नव्हती, शाळेत बसायला जागा नव्हती. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या गावात चोखोबांच्या जातभाईंची सावलीही चालत नव्हती. उदार धर्माची परंपरा खरी आणि ही वस्तीही खरी. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न शिंद्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला चिकटून राहिला.

भिंगारची सभा

ऑक्टोबर १९०३ मध्ये ते मुंबईला परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. गिरगावच्या राममोहन आश्रमात बिऱ्हाड केलं. तरुणांचे अभ्यासवर्ग काढले, टपालाने उदार धर्माची पुस्तकं गावोगाव पाठवायची योजना चालवली, देशभर फिरून ठिकठिकाणचे समाज पाहिले. फिरता फिरता अस्पृश्य वस्त्यांचीही माहिती ते गोळा करत होते.

१९०५ मध्ये ते अहमदनगरला आले. जवळच्या भिंगारला अस्पृश्य मंडळींची रात्री सभा होती, त्या सभेला ते गेले. इथे समोर प्राध्यापक नव्हते. दिवसभर राबून आलेली माणसं होती आणि त्यांना आपल्या पोरांच्या शिक्षणाची आस होती. त्या रात्री शिंद्यांच्या मनाचा निश्चय झाला. पुढचं आयुष्य या कामाला द्यायचं.

प्रार्थना समाजात शिकलेली, चांगल्या मनाची माणसं होती. कामगारांसाठी रात्रशाळाही चालत. पण एकूण मंडळी शहरातली आणि बहुतेक वरच्या जातींची. रविवारची उपासना व्हायची, व्याख्यानं व्हायची. वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत हा उदार धर्म फारसा पोचत नव्हता. शिंद्यांना तो तिथवर न्यायचा होता.

परळची शाळा

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत, परळच्या गिरणी भागात एक शाळा सुरू झाली आणि तिच्याबरोबर एक संस्थाही. इंग्रजीत डिप्रेस्ड क्लासेस मिशन, मराठीत निराश्रित साहाय्यकारी मंडळी. प्रार्थना समाजाचे सर नारायण चंदावरकर अध्यक्ष आणि शिंदे सरचिटणीस.

संस्थेने चार कामं ठरवली होती. शिक्षण द्यायचं, कामधंदा मिळवून द्यायचा, समाजातला त्रास दूर करायचा आणि उदार धर्म, चारित्र्य व चांगलं नागरिकत्व यांची शिकवण द्यायची. ॲमस्टरडॅमला पंडितांच्या तोंडी असलेला उदार धर्म हा शब्द परळमधल्या शाळेच्या कागदावर आला तो असा. पण तो यादीत चौथा होता. आधी पाटी-पेन्सिल आणि भाकरी, मग प्रवचन.

शिंदे लांबून काम करणारे नव्हते. म्हातारे आईवडील, पत्नी, बहिणी असं सगळं कुटुंब वस्तीतल्या कामाच्या जागी राहायला आलं. एका मराठा घराने अस्पृश्यांच्या पोरांबरोबर राहायचं, त्यांच्या आजारपणात उशाशी बसायचं, एका चुलीवरचं खायचं, हे त्या काळी कुणाला पटणारं नव्हतं. जनाक्का तिथे राबल्या. सय्यद अब्दुल कादर आणि त्यांच्या पत्नी कल्याणीबाई हे जोडपंही या कामात होतं. वेगवेगळ्या धर्मांची माणसं बरोबरीने बसू शकतात का, या परिषदेतल्या प्रश्नाला तिथे रोजच्या संसारातूनच उत्तर मिळत होतं.

संस्थेच्या शाखा पुणे, दापोली, हुबळी अशा कितीतरी ठिकाणी निघाल्या. पुढे शिंदे स्वतः पुण्याला गेले. तिथे संस्थेची मोठी इमारत उभी राहिली. इंदूरच्या होळकर महाराजांनी तिला देणगी दिली आणि अहिल्यादेवींच्या नावाने ती अहिल्याश्रम म्हणून ओळखली गेली.

बोलणं आणि करणं

राष्ट्रीय काँग्रेस तेव्हा सामाजिक प्रश्न आपल्या मांडवात येऊ देत नव्हती. शिंद्यांनी पुढाऱ्यांच्या मागे लागून लागून हा विषय लावून धरला. डिसेंबर १९१७ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात ॲनी बेझंट अध्यक्ष असताना अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव अखेर मंजूर झाला. मार्च १९१८ मध्ये मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद भरली. सयाजीराव महाराज अध्यक्ष होते. लोकमान्य टिळक आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार बोलले. पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही मात्र झाली नाही. परिषदेतलं भाषण आणि घरातलं वागणं यांत किती अंतर असतं, ते शिंद्यांना तिथे पुन्हा दिसलं.

सगळीकडून टीका

या कामाची किंमत त्यांना मोजावी लागली. १९१० मध्ये मतभेद होऊन प्रार्थना समाजाचं प्रचारकपद सुटलं. सनातनी लोक तर आधीपासूनच विरोधात होते. ब्राह्मणेतर चळवळीतल्या कित्येकांना शिंदे काँग्रेसच्या आणि ब्राह्मणांच्या फार जवळचे वाटत. १९२० च्या कौन्सिल निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा असताना, जातीच्या नावावर मत मागायचं नाही म्हणून ते सर्वसाधारण जागेवरून उभे राहिले. हरले.

दलित समाजातूनही विरोध झाला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ नकोत, त्याने समाज कायमचा तुटेल, असं शिंद्यांचं मत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं म्हणणं वेगळं होतं. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडणार, आमच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये, ही त्यांची भूमिका. या मागणीत स्वाभिमान होता आणि इतिहासाने तिचं वजन मान्य केलं. शिंदे १९२३ मध्ये संस्थेच्या कारभारातून बाजूला झाले आणि सूत्रं अस्पृश्य समाजातल्या मंडळींच्या हाती गेली. आपण उभं केलेलं घर दुसऱ्याच्या स्वाधीन करून बाहेर पडणं सोपं नसतं. मनाला लागलं तरी त्यांनी ते केलं.

अभ्यास सुटला नाही, गावही सुटलं नाही

१९२४ मध्ये ते मंगळूरच्या ब्राह्मो समाजाचे आचार्य झाले. १९२७ मध्ये ब्रह्मदेशात गेले. बौद्ध देशातही माणसाला दूर ठेवण्याची रीत आहे का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. ऑक्सफर्डला शिकलेली पाली इथे उपयोगी पडली. या सगळ्या अभ्यासातून १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ आला. अस्पृश्यता कशी निर्माण झाली याचा मराठीतला तो एक पायाभूत ग्रंथ आहे.

शेतकऱ्यांसाठीही ते उतरले. सरकारच्या तुकडेबंदी बिलाने लहान शेतकऱ्याची जमीन जाईल म्हणून १९२८ मध्ये त्यांनी विरोध संघटित केला. १९३१ मध्ये वाळवा तालुक्यातल्या बोरगावला आणि १९३२ मध्ये चांदवडला शेतकरी परिषदा झाल्या, त्यांत त्यांनी मार्गदर्शन केलं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना अटक होऊन येरवड्याची कोठडी मिळाली. तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं.

अखेरच्या काळात आजारपणाने शरीर थकलं. सभा-संमेलनं कमी झाली, तेव्हा घराघरांत कुटुंबाने एकत्र बसून उपासना करावी यासाठी त्यांनी कौटुंबिक उपासना मंडळ चालवलं. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज काय उरलं?

ॲमस्टरडॅमला भरलेली ती परिषद पुढेही भरत राहिली. धर्मस्वातंत्र्यासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून तिचा वारसा आजही चालू आहे. त्या परिषदेला गेलेले बहुतेक पंडित आपापल्या कॉलेजात आणि चर्चमध्ये परतले. शिंदे परळच्या वस्तीत परतले, हा त्यांचा वेगळेपणा.

कुठलाही धर्म उदार आहे की नाही, हे ठरवायला त्यांनी पोथी उघडली नाही. सगळ्यात शेवटी ज्याला बसवतात, त्याला पंगतीत कुठे जागा मिळते, हे त्यांनी पाहिलं. गावात सप्ताह बसतो, पारायण होतं, यात्रेचा महाप्रसाद होतो, तेव्हा ही तपासणी आजही करता येते. त्यासाठी ऑक्सफर्डला जावं लागत नाही. स्मशानभूमी एक आहे की दोन, पाण्याच्या टाकीची लाइन कोणत्या वस्तीत आधी पोचली, दिंडीच्या पुढे चालायचा मान कुणाला, एवढं बघितलं तरी कळतं. काही गावांनी यात चांगलं पाऊल टाकलं आहे. ज्या गावांत ते अजून पडायचं आहे, तिथे महर्षींच्या फोटोला हार घालून भागणार नाही.